बाहेरची कडी

आकाराम शेजाऱ्याच्या जळत्या तरव्यात उभा सापडला, त्या दिवसापासून त्याचा लेक विजयसिंह रानात जाताना घराला बाहेरून कडी घालू लागला.

चैत्र सरत आला होता. शाहूवाडीकडच्या डोंगरउतारावर भाजावळ चालू होती. भाताचं बी टाकायच्या तुकड्यात, म्हणजे तरव्यात, शेण, पाला, भाताचं वाळलेलं पिंजर यांचे थर अंथरायचे, वर बारीक माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. माती भाजली की तण मरतं, रोपं जोमानं येतात. दिवसभर उतारावर जागोजागी धूर बसलेला असे. चालतंफिरतं माणूस सगळं रानात, आणि गल्लीत फक्त कुत्री आणि म्हातारी.

आकारामनं जन्मभर तरवा भाजला होता. आता त्याला लेकाचं नाव कधी आठवे, कधी नाही. जेवण झालेलं आठवत नसे. पण पिंजराचा धूर नाकात गेला की त्याचे पाय उठत. त्या दिवशी तो तसाच उठून गेला होता आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात, धुमसत्या मातीत उभा राहून पायानं माती सारखी करत होता. चपलेचा तळ वितळून पावलाला चिकटला होता. विजयसिंहानं त्याला पाठुंगळी मारून आणला, तेव्हा तो लेकाच्या पाठीवर बुक्क्या मारत म्हणत होता, "सोड मला. कडंचा राहिलाय अजून."

आता पावलाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि तो सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. सून स्नेहलनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या, काड्याची पेटी पदराच्या गाठीत बांधली आणि गॅसच्या टाकीचं बटण पुन्हा एकदा पिळून बघितलं. म्हैस सोडून ती अंगणात उभी राहिली होती, ती परत आत वळली.

"आत्ती, चुलीतला विस्तव पाण्यानं इजवा. मामास्नी दिसंल असं काय ठेवू नगासा."

"इजवतो गं. जा तू."

चिमणाबाई उंबऱ्यापर्यंत आली. तिची पाठ कमरेतून वाकलेली होती, त्यामुळं लेकाशी बोलताना तिला मान तिरपी करून वर बघावं लागे.

"विजू, कडी नगं रं घालू."

"मग काय करू? आज बी कुणाच्या जाळात जाऊन हुबा ऱ्हायला तर?"

"मी हाय की."

"तू हाईस. पर एक हिसडा दिला की तूच पडतीस. परवा पडलीस का न्हाय?"

चिमणाबाईनं कोपर पदराखाली घेतलं. "आन आत काय झालं तर?"

"आत काय हुतंय? काड्या हिच्याकडं. गॅस बंद. आत पेटणार काय?" विजयसिंहाचा आवाज चढला, मग खाली आला. "खोतांचा पैरा हाय आज. त्यांची माणसं आपल्याकडं राबून गेली. आपण गेलो न्हाय तर लावणीला आपल्या शेतात कोण उतरंल? सांग की."

चिमणाबाई आत सरकली. दाराच्या दोन्ही फळ्या ओढल्या गेल्या. कडी चढल्याचा आवाज आला, मग कोयंड्यात लाकडाची खुंटी सारल्याचा. फळ्यांच्या मधे बोटभर फट राहत असे. त्या फटीतून तिला म्हशीचं मागचं अंग दिसलं, मग नुसती गल्ली.

घर लांबट होतं. पुढं सोपा, मधे सैपाकघर, मागं गोठा. गोठ्यावर फळ्यांचा माळा, आणि त्यावर वर्षाचं पिंजर ठासून भरलेलं. परड्यात उघडणारं मागचं दार गोठ्यातच होतं, पण पावसाळ्याची लाकडं आणि शेण्या विजयसिंहानं त्याच दाराला लागून रचल्या होत्या. दुसरी कोरडी जागा नव्हती. संडास परड्यात. कडी लागली की चिमणाबाईला न्हाणीतच बसावं लागे आणि आकारामलाही तिथंच धरून न्यावं लागे. तो लाजे. न्हाणीच्या मोरीकडं बोट करून म्हणे, "हितं कसं? बायका अंघोळ करत्यात." ती म्हणे, "बसा, कोण न्हाय." आणि मग ती ओंजळीनं पाणी ओतत राही.

ते सगळं झाल्यावर ती चुलीपुढं बसली. निखारे अजून लाल होते. तांब्या भरलेला शेजारी होता. तिनं तो उचलला आणि पुन्हा ठेवला. भरल्या घरात चुलीवर पाणी ओतत नाहीत, हे तिला सासूनं सांगितलं होतं, आणि या घरात आल्यापासून तिनं ओतलं नव्हतं. तिनं उलथन्यानं निखारे एका बाजूला ओढले, त्यांच्यावर राखेची जाड रास केली आणि हातानं दाबली. वरून काही दिसत नव्हतं. तिनं बाजूला वाकून खात्री केली. मग ती सोप्यात आली, दाराच्या फटीकडं तोंड करून बसली. तिथं वारं येत असे. आकाराम वाकळेवर डोळे मिटून पडला होता.

तिचा डोळा लागला.

जाग आली ती वासानं. आधी ती हलली नाही. धूर काय, रोजचाच होता. मग तिच्या लक्षात आलं की रानातला धूर फटीतून तोंडावर येतो. हा पाठीमागून येत होता, आणि त्याला ओल्या शेणाचा आंबूस वास होता. शेजारची वाकळ रिकामी होती.

सैपाकघरात चुलीपुढची रास फोडलेली होती. राखेत बोटांचे फराटे होते.

गोठ्यात म्हशीच्या जागेवर आकारामनं तरवा घातला होता. आकडीनं माळ्यावरचं पिंजर ओढून त्यानं ते जमिनीवर सारखं पसरलं होतं. गव्हाणीतला उष्ट्या पाल्याचा चगळ त्यावर, गटारातलं शेण त्यावर, आणि सगळ्यात वर भिंतीच्या कडेची उकरलेली माती. कडा हातानं थापून सरळ केल्या होत्या. एका टोकाला खोऱ्यात आणलेला विस्तव सारला होता. जाळ दिसत नव्हता. मातीला जागोजागी भेगा पडत होत्या आणि प्रत्येक भेगेतून पिवळसर धूर वर जात होता. आकाराम उकिडवा बसून काटकीनं एक भेग बुजवत होता. कित्येक महिन्यांत त्याचे हात इतके स्थिर तिनं बघितले नव्हते.

"आवं, ह्ये काय केलासा?"

"तरवा," तो म्हणाला. "लोकांचं भाजून झालं. आपलाच मागं ऱ्हायलाय."

"घरात हाय आपण. उठा."

"पाय दिऊ नगं. माती इस्कटंल."

तिनं त्याच्या दंडाला धरून ओढलं. त्यानं मागं न बघता कोपर झटकलं. ती भिंतीवर जाऊन आदळली आणि तिथंच धरून उभी राहिली.

धूर कौलांखाली साठत होता आणि तिथून हळूहळू खाली उतरत होता. त्याची खालची कड पाण्याच्या पातळीसारखी सपाट दिसत होती. चिमणाबाईची वाकलेली पाठ त्या कडेच्या खाली होती; आकाराम काटकी टाकून उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं धुरात गेलं आणि तो खोकू लागला. तरीही तो खाली वाकेना. वर माळ्याच्या फळ्यांतून पिंजराच्या काड्या लोंबत होत्या. त्यानं ओढताना निसटलेल्या. त्यांतली सर्वांत लांब काडी भेगेपासून हातभर अंतरावर हलत होती.

ती पुढच्या दाराकडं गेली. पळता येत नव्हतं. भिंत धरत, उंबरा ओलांडताना एक पाय हातानं उचलत ती गेली. फटीला तोंड लावून ओरडली.

"शालू. अगं शालू. कोण हाय का?"

गल्लीत ऊन पडलं होतं. समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं आणि परत बसलं. तिनं फळ्या हलवल्या. कडी वाजली. फटीतून बोटं बाहेर जात होती, पण खुंटीपर्यंत पोचत नव्हती. कौलांतून आता धूर निघत असणार, हे तिला कळत होतं. पण या घराच्या कौलांतून रोज सकाळ-संध्याकाळ धूर निघत होता. आणि या दिवसांत धूर कुठं नव्हता?

ती परत फिरली. मागच्या दाराच्या रचलेल्या लाकडांतलं एक तिनं ओढलं. ते हललं नाही. वरच्या शेण्या तेवढ्या घरंगळून तिच्या पायावर पडल्या. म्हशीच्या दगडी डोणीत पाणी होतं. तिनं तिथलं घमेलं भरलं, उचललं, आणि अर्धं तिच्याच लुगड्यावर सांडलं. उरलेलं तिनं कडेला ओतलं. तिथून वाफ आणि धूर दोन्ही एकदम उठले.

"अगं ए," आकाराम ओरडला, "भिजवतीस काय? येडी का खुळी?"

त्याच वेळी एक भेग फुटली आणि आतून जाळ वर आला, हातभर. लोंबणारी काडी पेटली. पेट सुतासारखा वर चढू लागला.

चिमणाबाईनं काही ठरवलं नाही. शेताच्या वरच्या बांधावर उभं राहून ती जशी ओरडत असे, तसा तिच्या तोंडून आवाज निघाला.

"आवं, वारं फिरलं. जाळ गंजीकडं निघालाय."

आकारामचा चेहरा बदलला. त्यानं वर बघितलं. मग त्यानं गव्हाणीवरचं पोतं ओढलं, डोणीत बुडवलं, पिळलं नाही, आणि तसंच लोंबणाऱ्या पिंजरावर घालून मुठीत आवळून खाली खेचलं. पेटती काडी, सोबत आणखी मूठभर पिंजर खाली आलं. त्यावर त्यानं पोतं टाकलं. तो आपटत नव्हता. आपटलं की वारं लागतं आणि ठिणग्या उडतात. तो पोतं दाबत होता, उचलत होता, पुढं ठेवत होता.

"खालच्या कडंनं ये," तो तिला म्हणाला. "डहाळी घे."

डहाळी नव्हती. ती कडेकडेनं घमेल्यानं पाणी शिंपडत गेली. त्याच्या पावलाचं फडकं पेटलं, विझलं, पुन्हा धुमसलं. त्यानं खाली बघितलं नाही. जाळ बसला. पण खालचे थर चांगले बसवलेले होते. ते आतून जळत राहिले आणि पाणी पडेल तिथं धूर आणखी दाट होत गेला. आता तिलाही समोरचं दिसेना.

"झालं," ती म्हणाली. "चला, भाकरी खायाला चला."

त्याला तिनं खाली बसवलं आणि बसल्या-बसल्या ओढत, ढकलत सोप्यात आणलं. दाराजवळ त्याला आडवा केला, त्याचं तोंड फटीला लावलं आणि स्वतः त्याच्या डोक्याच्या वर, त्याच फटीला नाक लावून बसली. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"दार कुणी लावलं?" त्यानं विचारलं.

तिनं बोटं फटीतून बाहेर काढली आणि हलवत राहिली.

शेजारची शालूबाई तंबाखूची पिशवी विसरली म्हणून रानातून परत आली होती. स्वतःच्या घराकडं वळताना तिनं लांबूनच हाक मारली, "काय गं चिमणाबाई, पावणं आल्यात व्हय? लई चूल पेटवलीयास."

ती दोन पावलं पुढं आली. मग तिला बोटं दिसली.

खुंटी एका हातानं निघाली. कडी पडली. फळ्या उघडल्या तशी दोघंही ओट्यावर कलंडली, आणि त्यांच्यावरून धूर गल्लीत आला.

"आये गं," शालूबाई खाली बसली. "मी बघतच आलो धूर. पार खालच्या वळणापासनं बघत आलो. मला काय ठाऊक?"

निरोप पोचून विजयसिंह आणि स्नेहल धावत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेजारच्यांनी धुमसणारं सगळं फावड्यानं परड्यात काढून टाकलं होतं. आकाराम ओट्यावर बसून चहा पीत होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. विजयसिंह गोठ्यात गेला आणि उरलेल्या कडेपाशी उकिडवा बसला. हातानं त्यानं थर उचलून बघितला. शेण, पाला, पिंजर.

"थर बरोबर घातल्यात," तो म्हणाला. कुणाला ते कळलं नाही. मग तो आईकडं वळला. "काड्या आमच्याकडं. मग विस्तव आला कुठनं?"

स्नेहल सैपाकघरात उभी होती. तिनं चुलीपुढची फोडलेली राख बघितली, तिच्यातले बोटांचे फराटे बघितले. मग सासूकडं न बघता तिनं तांब्या उचलला आणि चुलीत पाणी ओतलं. उरलासुरला एक निखारा चर्र वाजला. राखेचा शेंबडासारखा लगदा भिंतीवर उडाला. तिनं दुसरा तांब्या भरला, तोही ओतला.

विजयसिंह दारातून ते बघत होता.

चिमणाबाई उंबऱ्यावर बसली होती. लुगडं अजून ओलं होतं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "आजपास्नं पाणी वततो."

"उद्या काय करू, त्ये सांग," विजयसिंह म्हणाला. त्याच्या हाताला काजळी लागली होती, ती तो विजारीला पुसत होता. "हिला घरी ठेवली तर पैऱ्याचा माणूस तुटतो. दार उघडं टाकलं तर बा जाळात. कडी घातली तर..." तो थांबला. "तुमच्या जिवावर आलं असतं की गं आई."

"आलंतंच."

ओट्यावरून आकारामनं कप पुढं केला. "साखर घाल थोडी."

"मागच्या दाराची लाकडं काढ," चिमणाबाई म्हणाली. "आन माळ्यावरचं पिंजर परड्यात ने. भिजलं तर भिजू दे."

"काढतो. आत्ताच काढतो. पर कडीचं?"

"कडी नगं. दावं दे एक."

"कशाला?"

"बांधाय."

विजयसिंहानं बापाकडं बघितलं. "बाला दाव्यानं बांधू? जनावरागत?"

"त्येन्ला एकट्याला न्हाय. दोघास्नी."

सकाळी स्नेहलनं रेडकाचं जुनं दावं धुऊन आणलं. जाडजूड होतं, पण वापरून मऊ झालेलं. तिनं एक टोक सासऱ्याच्या कमरेला करगोट्याच्या वर बांधलं, गाठ पाठीमागं, त्याच्या बोटांना सापडणार नाही अशी. दुसरं टोक ती सासूच्या कमरेला बांधू लागली तशी चिमणाबाईनं तिचा हात धरला.

"माझी सुरगाठ मार. एका हिसक्यात सुटंल अशी."

"व्हय," स्नेहल म्हणाली. "मीबी त्येच म्हणणार हुतो." तिनं गाठ मारली, ओढून सोडून बघितली, परत मारली. मग खाली बसून तिनं सासूचं खरचटून ओलसर झालेलं कोपर बघितलं, त्यावर हळद दाबली.  चुलीत पाणी ओतलेलंच होतं.

गल्लीतून खोतांचा यशराज खोरं खांद्यावर टाकून चालला होता. तो थांबला.

"काय मावशी, तात्यास्नी दावणीला लावलं व्हय?"

"मला बी लावलंय. बघ की नीट."

तो हसला, मग विजयसिंहाचा चेहरा बघून पुढं गेला. विजयसिंहानं दाराबाहेर येऊन सवयीनं फळ्या ओढल्या. हात कडीवर गेला. तिथं तो थोडा वेळ राहिला. मग त्यानं फळ्या पुन्हा उघडल्या, एकीखाली दगड लावला आणि वळून न बघता म्हशीमागं निघाला.

चिमणाबाई ओट्यावर वाल सोलत बसली. आकाराम शेजारी. तो दाव्याला हात लावून बघत होता आणि सोडून देत होता. ऊन ओट्याच्या कडेला आलं तेव्हा उतारावर पहिला धूर उठला. वाऱ्यानं तो खाली आला. आकारामनं मान वर केली. मग तो उठला.

दावं ताणलं. वालाची टोपली कलंडली. चिमणाबाई उठली, कारण उठावंच लागलं. तो लंगडत पायऱ्या उतरला, ती मागोमाग. अंगणातून गल्लीत, गल्लीतून वळणाकडं. त्याची पावलं मोठी होती आणि ती प्रत्येक पावलाला कमरेतून ओढली जात होती.

"कुठं निघालासा?"

"कडंचा राहिलाय."

वळणाच्या अलीकडं, जिथून उतारावरचे जाळ स्पष्ट दिसत होते, तिथं ती रस्त्यात खाली बसली. सगळं अंग सोडून, पाय पसरून. एवढंच तिच्या हातात होतं. दावं ताठ झालं, तो अडखळला, ओढू लागला. तिच्या खालची माती घसटली. पण ती हातभर घसटून थांबली आणि तो दमला.

तो मागं वळला. त्यानं दाव्याकडं बघितलं. ते कुठं जातं ते डोळ्यांनी शोधत तो तिच्या कमरेपर्यंत आला. मग तो लंगडत परत आला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला.

"तुला कुणी बांधलं गं?" तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या जळालेल्या भुवया वर गेल्या होत्या. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि गाठ चाचपू लागला. सुरगाठीचं मोकळं टोक त्याच्या बोटांत आलं. "थांब. सोडवतो मी."

चिमणाबाईनं त्याच्या हातांवर आपला हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे."

"काचत असंल की."

"न्हाय काचत. बसा हितं."

तो तिच्याजवळ बसला. वर उतारावर माणसं काठ्या घेऊन जाळाच्या कडेनं चालत होती. त्यांत विजयसिंह कुठला ते इतक्या लांबून कळत नव्हतं. आकाराम जाळाकडं बघे, मग तिच्या कमरेकडं बघे आणि पुन्हा गाठीकडं हात नेई. दर वेळी ती म्हणे, ऱ्हाऊ दे. ऊन डोक्यावर आलं तरी तिनं गाठीवरची मूठ सोडली नाही.